मुंगीच्या इमारतीचा पाचवा मजला

सोमवार, ६ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. आपलं बोलणं बंद असताना तेवढं गोड लिहिलं असतं, तर तुला माझी लबाडी वाटली असती.

हे पत्र मुंगीच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते आहे. चार गल्ल्या ओलांडून समोर येऊन बसले असते, पण मागच्या रविवारी मी पुढच्या दारानं आत आले आणि तू मागच्या दारानं बाहेर पडलास. वहिनी म्हणाली, ते कामावर गेलेत. रविवारी! बिचारीला खोटं बोलायचा सराव नाही.

तू शाळेतून मुंगीच्या दाखल्याचा अर्ज नेलास, हे मला कारकुनांनी सांगितलं. तिला त्या मोठ्या शाळेत घालायचं तुझ्या मनात आहे. दाखल्याचे अर्ज आमच्या कचेरीत अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत घेतात, म्हणजे तुझ्या हातात अजून जवळजवळ आठ आठवडे आहेत. बाप तू आहेस, आज भरून दिलास तरी मी अडवू शकत नाही. माझं मागणं एवढंच, की शेवटच्या दिवसापर्यंत थांब. तोवर ती माझ्या वर्गात काय करते ते मी लिहून कळवत जाईन. वाचायचं की नाही ते तू ठरव.

पालकसभेत तू जे म्हणालास ते मला पाठ आहे. दोन्ही तळहात सगळ्यांसमोर धरलेस आणि म्हणालास, "हे हात बघ. पोरीच्या हातात वीट येऊ नये म्हणून शाळेत घातली, आणि तू पहिल्याच दिवशी तिला वीट दिलीस." त्यावर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही.

आमच्या विटा तू लांबूनच बघितल्यास. बोटाएवढ्या आहेत, प्लॅस्टिकच्या, एकीत एक बसणाऱ्या. वर जे गोल उंचवटे असतात त्यांना पोरं 'डोळे' म्हणतात. आठ डोळ्यांची वीट, चार डोळ्यांची, दोन डोळ्यांची. चार डोळ्यांच्या दोन ठेवल्या की आठ डोळ्यांची एक झाकली जाते, हे मी वर्गात कुणालाही शिकवलेलं नाही. ते त्यांना बोटांनी कळतं. माझं काम एवढंच, की कळलं त्या क्षणी शेजारी असायचं आणि "कसं काय?" असं विचारायचं. आमच्या वर्गाचा नियम आहे: पोरं बांधत असली की बाईंचे हात पाठीमागे. सोपं वाटतं ना? सोळा वर्षं झाली, अजून बोटं शिवशिवतात.

आणि हो, वर्गात मला आत्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं मुंगीला बजावलं होतं. तिनं दोन्ही जोडून टाकलं. आता सगळा वर्ग मला 'आत्याबाई' म्हणतो. हस खुशाल.

धाकटी


सोमवार, १३ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पण पत्र त्याच कप्प्यातून परत आलं, आणि घडी मी घातली होती तशी नव्हती. कडेला सिमेंटचा पांढुरका अंगठा उमटला होता. म्हणजे वाचलंस. मला तेवढं पुरे आहे, पुढचं ऐक.

मुंगी गेले तीन दिवस भिंत बांधत होती. विटेवर बरोबर वीट, तिच्यावर बरोबर वीट, असे उभे खांब शेजारी शेजारी. हात लागला की भिंत फाकायची. तीनदा पडली. वर्गात एक पोरगी आहे, तिला आम्ही 'वादळ' म्हणतो, ती बाजूनं पळाली की पडायचीच. मला उत्तर माहीत होतं. गवंड्याच्या घरात वाढले आहे मी. हात मागे बांधून उभी राहिले आणि जीभ दाताखाली धरली.

चौथ्या वेळी तिनं पहिला थर लावला आणि थांबली. बराच वेळ नुसती बघत बसली. मग दुसऱ्या थराची वीट अर्धी या विटेवर आणि अर्धी त्या विटेवर ठेवली. पूर्ण थर असाच. मग भिंतीला चापट मारून बघितली. अगदी तुझ्यासारखी, उघड्या तळहातानं.

मी विचारलं, कसं काय सुचलं? म्हणाली, "बाबा असंच ठेवतो. मी बघितलंय." कधी म्हणून विचारलं तर म्हणाली, आईबरोबर डबा द्यायला गेले होते तेव्हा. वहिनी सांगते, एकदाच आली होती, रणरणतं ऊन होतं म्हणून पाच मिनिटंही उभं राहू दिलं नाहीस तिला.

दादा, पाच मिनिटांत पोरीनं तुझं काम वाचलं. अक्षरं वाचत नाही म्हणून तू काळजीत आहेस. मी नाही. जी भिंत वाचू शकते ती पान वाचेल, थोडं मागेपुढे होईल एवढंच.

धाकटी


गुरुवार, २३ जानेवारी

दादा,

तुझा कागद मिळाला. दहा बेरजा, एकाखाली एक, ओळंब्यात लिहिल्यासारख्या सरळ. खाली फक्त 'हे सोडवून घे'. महिन्यातले पहिले तीन शब्द, मी जपून ठेवले आहेत.

खरं तेच कळवते. कागदावर तिच्या दहापैकी तीन बरोबर आल्या. बाकीच्या ठिकाणी तिनं आकड्यांच्या पोटात डोळे काढले. मग तोच कागद घेऊन आम्ही जमिनीवर बसलो आणि त्याच बेरजा विटांनी मांडल्या. दहापैकी दहा. एकदाही बोटं मोजली नाहीत. आता मधला पूल बांधते आहे: आधी वीट ठेवायची, मग विटेचं चित्र काढायचं, मग चित्राशेजारी आकडा, आणि मग एक दिवस चित्र गाळायचं. घाई केली तर हा पूल पडतो. परवा त्यातल्या पाच तिनं नुसत्या आकड्यांवर केल्या. तिनाच्या पाच झाल्या, पंधरा दिवसही लागले नाहीत.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. तू रोज घरी आलास की ती विचारते ना, "बाबा, आज कितव्यावर?" आणि तू हात धुता धुता सांगतोस, तिसऱ्यावर, चौथ्यावर. तुला वाटत असेल, पोर लाडात येते. ती हिशेब ठेवते. तू जी इमारत बांधतो आहेस तीच ती वर्गात बांधते आहे. तू चढलास की दुसऱ्या दिवशी ती चढते. आठवडाभर तुम्ही चौथ्यावर अडकलात तर हीसुद्धा अडकली. वादळ म्हणाली, "वर बांध की." तर मुंगी म्हणाली, "नाही, माल आला नाही." वर्गातल्या कुणालाही माल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

एका थराला सात विटा, मजल्याला तीन थर. ती माझ्याकडे ट्रे घेऊन येते आणि म्हणते, "एकवीस द्या." मुठीनं मागत नाही, आकडा मागते. प्रत्येक मजल्यावर एक चपटं छत, आणि आत जिना. रोज काम सुरू करताना ती आधी छत उचलते, जिना वर वाढवते, मग भिंती चढवते.

आणि काल तिनं आयुष्यातलं पहिलं वाक्य लिहिलं. मी सांगितलं म्हणून नाही. वादळाच्या भीतीनं. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आली, एकेक अक्षर मला विचारलं, तीन चुका केल्या, दोन स्वतःच सुधारल्या आणि इमारतीपुढे उभा केला: 'हात लाऊ नका'. 

बघ, तिला लिहायचं होतं. तिच्याकडे आजवर लिहिण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

धाकटी


सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

या खेपेला थोडक्यात. चौदा तारखेला वर्गात प्रदर्शन आहे. पालक येतील, संस्थेचे लोक येतील. मुंगीची इमारत मधल्या टेबलावर आहे. तू यावंस.

मुंगी ठीक आहे. आज जरा गप्प होती, हवा बदलल्यामुळे असेल. बेरजा चालू आहेत. नव्या बेरजा पाठवल्यास तरी चालेल.

धाकटी


गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादा,

हवेचं काही नाही. सोमवारचं पत्र खोटं होतं. ते पाठवल्यापासून मला माझीच लाज वाटते आहे, तेव्हा आता सरळ लिहिते.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी मुंगीच्या इमारतीला गोंद लावला. तो एका थेंबाचा, बोटं चिकटवणारा. प्रत्येक विटेला, प्रत्येक छताला. अर्धा तास बसले होते. पाटी समोरच होती, 'हात लाऊ नका'. ती मी उचलून बाजूला ठेवली, गोंद लावला आणि परत जागेवर ठेवली.

प्रदर्शनापर्यंत इमारत टिकावी, वादळानं पाडू नये, असं मी मनाशी म्हटलं. ते अर्धंच खरं आहे. तू येशील आणि ती अख्खी, चार मजली, टेबलावर उभी बघशील, आणि मग तुला बोलायला तोंड राहणार नाही, यासाठी लावला. मला तुला हरवायचं होतं. त्यासाठी मी पोरीचं चालू काम वापरलं.

सोमवारी ती पळत आली. तुम्ही पाचव्यावर पोचला होतात. आल्या आल्या तिनं छताला हात घातला. छत निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, दातांनी ओढून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अगं, वरूनच बांध की पाचवा, वर डोळे आहेत ना. ती म्हणाली, "जिना आत आहे. छत निघालं नाही तर माणसं वर कशी जाणार?"

मी गोंद लावला हे सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. पाटी उचलली आणि दप्तरात टाकली. तेव्हापासून ती विटांपाशी बसत नाही. खिडकीपाशी बसते, सांगितलं तर वहीत बेरीज करते, चूक आली तरी वर बघत नाही. आज म्हणाली, मला मोठ्या शाळेत जायचंय. तो अर्ज तुझ्याकडे आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, पण घरात मुंगीला न कळणारं असं काय राहतं?

म्हणजे मुंगीचा कौल आता तुझ्या बाजूनं पडला आहे. तुला अर्ज भरायचा असेल तर भर. पण एक ध्यानात ठेव: विटांनी काही बिघडवलेलं नाही, मुंगीनंही नाही. हात मागे ठेवायचा नियम मी केला आणि मीच मोडला. माझ्या पद्धतीवर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. त्या शुक्रवारी माझ्यावर ठेवायला नको होता.

आता दुसरं. पालकसभेत मी तुला म्हणाले होते, "तू भिंती बांध दादा, शिकवण्यातलं तुला काय कळतं." वीस माणसांसमोर. तुझी मान खाली गेली ती मी बघितली, आणि दादा, मला त्या वेळी बरं वाटलं. महिनाभर मी पत्रं लिहिते आहे आणि त्या वाक्याला वळसा घालते आहे. आज घालत नाही. चुकले.

धाकटी


शनिवार, ८ फेब्रुवारी

दादा,

काल तू स्वतः तिथे होतास, मग लिहायचं कशाला, असं वाटेल. पण तू तिच्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. तुला न दिसलेलं लिहिते.

प्रार्थनेच्या आधी तू दारात उभा होतास, थापी पिशवीत, मुंगी हाताला. मला वाटलं, अर्ज द्यायला आलास. तू माझ्याशी बोललाच नाहीस. इमारत उचललीस, डोळ्यासमोर धरून फिरवलीस, कडेनं नख घालून बघितलंस, आणि खाली ठेवलीस. मग तिलाच विचारलंस, "ही कोरडी मांडलेली होती ना?"

तिनं मान हलवली. तेव्हा माझ्याकडे वळलास. "आम्ही पहिला थर आधी कोरडा मांडून बघतो. दार कुठं येतंय, वीट कुठं तोडावी लागतेय. मांडून समाधान झालं की मग सिमेंटचा माल. कोरड्या मांडणीला माल लावत नाहीत, बाई."

मला बाई म्हणालास. टोमणा होता की मान, ते मी रात्रभर नाही, पण घरी जाईपर्यंत तरी ठरवत होते. सोळा वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. पोरं दिवसभर कोरडीच मांडणी करत असतात. तेच तर त्यांचं शिकणं. हे मला कळत होतं, असं नेमकं म्हणता येत नव्हतं.

मग तू त्या एवढ्याशा खुर्चीवर बसलास, गुडघे कानापाशी, आणि तिला सांगितलंस, की एकदा तू चौकट न बसवताच भिंत चढवली होतीस, खांद्याएवढी झाल्यावर मुकादमाला दिसली. तिनं विचारलं, मग रडलास? तू म्हणालास, "पाडली. दुपारपर्यंत परत उभी केली." ती म्हणाली, पण माझी पाडता येत नाही. तू म्हणालास, "मग तिला राहू दे. शेजारी दुसरी बांध. आम्हीपण जुनीच्या शेजारीच बांधतोय." ती माझ्याकडे ट्रे घेऊन आली. चार दिवसांनी. म्हणाली, एकशे पाच द्या. पाच मजल्यांच्या एकदम.

तुला तो आकडा ऐकू आला का, मला माहीत नाही. मला आला. एकवीस पाच वेळा तिनं कुठे मांडले? खिडकीपाशी बसून मनातच मांडले असणार. कागद नाही, वीट नाही.

तिनं तुला दटावलं ते मात्र सगळ्या वर्गानं ऐकलं. तू हात पुढे केलास तशी म्हणाली, "बाबा, हात मागे." तू मुकाट्यानं हात पाठीमागे घेतलेस. मग म्हणालास, जिना त्या भिंतीला नको. तर म्हणाली, "हात मागे म्हणजे तोंडपण मागे." मला हा नियमाचा दुसरा भाग आजवर माहीत नव्हता. फळ्यावर लिहून ठेवला आहे.

तू अर्ध्या दिवसाचं काम बुडवून बसलास. जिना तिनं त्याच भिंतीला घेतला, तिसऱ्या मजल्यावर छताला आपटला, तिनं तो काढला आणि तू म्हणाला होतास त्या भिंतीला लावला. तू एक शब्द बोलला नाहीस. दादा, तेवढं गप्प बसायला मला पाच वर्षं लागली होती.

अर्जाचं मी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

धाकटी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादा,

आज शेवटची तारीख. सकाळी कारकून दोनदा येऊन गेले, तुमच्या भावाचा अर्ज आला का म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडे कशाला येईल. तोंडानं म्हटलं. दप्तरं भिंतीशी ओळीनं ठेवलेली होती, आणि पहिला तास होईपर्यंत मी मुंगीच्या दप्तराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दहा मिनिटं निभलं.

बाहेरच्या कप्प्यात अर्ज होता. चौघडी केलेला. उलगडला. नाव, जन्मतारीख, इयत्ता सगळं कोरं. कागद मागून काळा दिसत होता म्हणून उलटला. पाठीवर पेन्सिलीनं जिना काढलेला, तुझ्या हातचा, मापांसकट. शेजारी मुंगीच्या हातचे डोळेवाले आकडे, एकावर एक, बरेचसे खोडलेले. आणि खाली तुझं पत्र. पत्रच म्हणते मी त्याला. पाच ओळी आहेत:

'रविवारी हिला कामावर नेली. चौथ्यावरून पाचव्यावर चढवली. हिनं चढताना पावलं मोजली, सोळा झाली. मी पायऱ्या मोजल्या, पंधरा आहेत. दोघंही बरोबर आहोत. का ते मी सांगितलेलं नाही. सोमवारी तुझ्या वर्गात तिलाच विटांवर काढू दे.'

सोमवारी. मी तो शब्द चारदा वाचला.

कारकून तिसऱ्यांदा आले तेव्हा कागद माझ्या हातात होता. म्हणाले, अरे वा, आला की. द्या, लावून टाकतो. मी म्हटलं, नाही, हा वर्गाचा आहे, अभ्यासाला लागणार आहे. त्यांनी उलटसुलट बघितला, चष्मा वर केला आणि नोंदवहीत तुझ्या नावापुढे रेघ मारून गेले.

आता तुला कबूल करते. पंधरा आणि सोळा दोन्ही बरोबर कसे, हे मला वाचून कळलं नाही. मधल्या सुट्टीत दार लोटून घेतलं, चपला काढल्या आणि जमिनीवर बसून विटांचा जिना मांडला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा मांडला आणि दोन बोटं पायासारखी चालवत वर नेली. शेवटचं पाऊल पायरीवर पडतच नाही, ते मजल्यावर पडतं. बोट टेकलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

जिना मोडून विटा डब्यात परत टाकल्या आहेत. सोमवारी मी तिला यातलं काहीही सांगणार नाही.

धाकटी